विश्लेषण : भुताच्या स्वस्त सिनेमात खरी गंमत कॅमेऱ्यामागेच का असते?

तोरण्याचं ब्रह्मपिशाच, धरणाच्या पाण्यातून उन्हाळ्यात वर येणारं देऊळ, भोरचा राजवाडा. भयपटाला लागणारं सगळं भोर-वेल्ह्यात आहे, फक्त पैसे सोडून. पण पैसे नसताना भुताचा सिनेमा काढणाऱ्यांची धडपड हीच जगभरात एका वेगळ्या विनोदी सिनेमाची गोष्ट ठरली आहे. ही गंमत नेमकी कशी घडते आणि ती कुठे थांबायला हवी, हे समजून घेऊ.

तोरणा गडावर मेंगाई देवीच्या मंदिरात मुक्काम केला की रात्री ब्रह्मपिशाच झोपू देत नाही, ही दंतकथा ट्रेकर मंडळी वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आली आहेत. सांगायला खर्च शून्य. बाहेर वारा सुटलेला असावा आणि ऐकणाऱ्यांत एक तरी पहिल्यांदाच गडावर आलेला असावा, एवढं पुरतं.

आता हीच गोष्ट कॅमेऱ्यात पकडायची म्हणा. सुमारे १,४०० मीटर उंचीच्या गडावर लाइट कोण चढवणार? ब्रह्मपिशाचाचा मेकअप पायथ्याला केला तर बिनी दरवाजापर्यंत घामानं निम्मा उतरणार. वर जाऊन करायचा तर पाणी आणि आरसा वर न्यायचा. ऐन वेळी बॅटरी संपली तर चार्जिंगला पुन्हा खाली वेल्ह्यात. पहाटेपर्यंत प्रेक्षकाला घाबरवायची योजना बाजूला राहते आणि भूतच 'चहा मिळेल का?' असं विचारत फिरू लागतं.

भुताचा सिनेमा काढणाऱ्यांवरचा विनोदी सिनेमा इथेच सुरू होतो.

कमी पैशांत काढायला भयपटच का निवडतात?

पहिलं कारण, भयपटाला मोठा नट लागत नाही. प्रेमकथेत नायक-नायिका कोण, हे पाहून तिकीट काढलं जातं. भयपटात भूत हाच नायक आणि त्याचं नाव कुणाला ठाऊक नसलं तरी चालतं. उलट, ओळखीचा चेहरा नसेल तर यातला कोण वाचणार, याचा अंदाज लागत नाही.

दुसरं कारण अंधार. जे दिसत नाही ते उभारावंही लागत नाही. एका वाड्याचा एकच कोपरा उजळला की उरलेला वाडा प्रेक्षक स्वतःच्या मनात बांधतो. रात्रीचे मोठे लाइट परवडत नसतील तर दिवसाच चित्रीकरण करायचं, कॅमेऱ्यात येणारा प्रकाश मुद्दाम कमी ठेवायचा आणि नंतर चित्राला निळसर छटा द्यायची. 'डे फॉर नाइट' नावाची ही युक्ती खूप जुनी आहे. अट एकच, फ्रेममध्ये आकाश फार येता कामा नये. नाहीतर मध्यरात्री लख्ख पांढरे ढग दिसतात.

तिसरं कारण आवाज. भीतीचं अर्धं काम कान करतात. दाराची करकर, वरच्या मजल्यावरची पावलं आणि मग अचानक शांतता. हे सगळं नंतर एका खोलीत बसून तयार करता येतं.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे २००७चा 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी'. साधारण १५ हजार डॉलरमध्ये, मुख्यतः एका घरात चित्रित झालेल्या या सिनेमानं जगभरात १९ कोटी डॉलरहून जास्त कमाई केली. असा आकडा ऐकला की गावोगावच्या मित्रमंडळींत कुणीतरी म्हणतंच, 'आपल्याकडेही एक जुना वाडा आहे.'

घाटापलीकडे महाबळेश्वरात काय घडलं होतं?

भोरहून मांढरदेवचा घाट उतरून वाई आणि तिथून पसरणी घाटानं वर महाबळेश्वर. हिंदी भयपटाच्या इतिहासातलं एक मोठं पान इथे लिहिलं गेलं.

फत्तेचंद रामसिंघानी ऊर्फ एफ. यू. रामसे यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आलं. पुढे ते चित्रपटनिर्मितीत उतरले. त्यांचा १९७०चा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' आपटला. पण त्यातल्या एका प्रसंगाला प्रेक्षक दाद देत होते. भेसूर मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर संग्रहालयात चोरी करायला शिरतात, तो हा प्रसंग. रामसेंच्या मुलांनी हे हेरलं. लोकांना एवढाच भाग आवडतो, तर अख्खा सिनेमाच असा का काढू नये?

कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू आणि अर्जुन हे सात भाऊ. जोसेफ मॅसेली यांचं छायाचित्रणावरचं 'द फाइव्ह सीज ऑफ सिनेमॅटोग्राफी' हे पुस्तक त्यांचं क्रमिक पुस्तक झालं. लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, संकलन अशी कामं त्यांनी घरातल्या घरात वाटून घेतली. मग 'दो गज जमीन के नीचे' या सिनेमासाठी सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला गेलं.

रामसेंनी पुढे सांगितलेल्या आठवणींनुसार मुक्काम सरकारी विश्रामगृहात होता, खर्च साडेतीन लाखांच्या आसपास आला आणि चित्रीकरण सुमारे ४० दिवसांत आटोपलं. युनिटचं जेवण घरच्या बायका रांधत. १९७२मध्ये हा सिनेमा आला आणि चालला. पुढच्या दोन दशकांत 'पुराना मंदिर' (१९८४), 'वीराना' (१९८८), 'बंद दरवाजा' (१९९०) असे सिनेमे आले आणि १९९३पासून 'झी हॉरर शो'नं ही भीती घराघरांत पोचवली.

या पसाऱ्यात एक पात्र विशेष लक्षात राहतं. 'पुराना मंदिर'मधला सामरी साकारणारे अनिरुद्ध अग्रवाल हे रुडकीहून स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेले इंजिनीअर. सहा फुटांहून बरीच जास्त उंची आणि तसाच चेहरा, त्यामुळे रामसेंचा मेकअपचा निम्मा खर्च वाचला असं गमतीनं म्हणता येईल. इंजिनीअरिंगनंतर काय, या प्रश्नाला हेही एक उत्तर होतं.

मग हसू नेमकं कुठून येतं?

रामसेंनी 'पुराना मंदिर'मध्ये जगदीप यांना घेऊन 'शोले'ची टर उडवणारं अख्खं उपकथानक घातलं होतं. म्हणजे भीती आणि हसू एकाच तिकिटात. मराठी प्रेक्षकाला हे नवं नाही. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'नं (१९९३) तेच केलं. बोलक्या बाहुल्यांचे जादूगार रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू, त्याला दिलीप प्रभावळकर यांचा आवाज आणि समोर घाबरलेले लक्ष्मीकांत बेर्डे. त्या बाहुल्याला लहान मुलं आधी घाबरली आणि मग वर्षभर त्याची नक्कल करत राहिली.

पण इथे आणखी एक हसू आहे. ते पडद्यावरच्या विनोदाचं नाही, तर चौकटीबाहेरच्या खटपटीचं. कॅमेऱ्याला दिसतो फक्त एक आयत. त्या आयतात भूत असतं. आयताच्या बाहेर एक जण पंखा धरून उभा असतो, दुसरा दोरीनं दार ओढत असतो आणि तिसरा शिंक दाबत असतो. आतली गोष्ट जितकी गंभीर, तितकी बाहेरची गोष्ट विनोदी.

असे किस्से खऱ्या इतिहासात भरपूर आहेत. अमेरिकेतल्या 'हॅलोविन' (१९७८) या सिनेमातल्या खुन्याचा मुखवटा म्हणजे दोन डॉलरहून कमी किमतीला दुकानातून आणलेला 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा. भुवया काढल्या, वर पांढरा रंग फासला, झालं. 'द इव्हिल डेड'च्या (१९८१) वेळी दिग्दर्शक सॅम रायमी विशीत होते. कॅमेरा फिरवायच्या महागड्या यंत्रणेला पैसे नव्हते, म्हणून कॅमेरा लाकडी फळीवर बसवला आणि दोन्ही टोकं धरून माणसं जंगलातून पळाली. पडद्यावर ती कुठल्याशा अदृश्य शक्तीची झेप वाटली. शेवटच्या दिवसांत थंडी इतकी होती की ऊब मिळावी म्हणून युनिटनं फर्निचर जाळलं.

'वन कट ऑफ द डेड'नं काय वेगळं केलं?

(या भागात कथेचा उलगडा आहे. सिनेमा पाहायचा असेल तर सरळ पुढच्या प्रश्नावर जा.)

चौकटीबाहेरच्या या खटपटीलाच गोष्ट करणारा सर्वांत गाजलेला अलीकडचा सिनेमा जपानी आहे. शिनिचिरो उएदा यांच्या या सिनेमाच्या मूळ नावाचा अर्थ 'कॅमेरा थांबवू नका!' असा. टोकियोतल्या एका अभिनय-चित्रपट प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेतून तो तयार झाला. खर्च सुमारे ३० लाख येन, चित्रीकरण ८ दिवस, कलाकार जवळपास सगळे अनोळखी.

सुरुवातीची ३७ मिनिटं एकही कट नसलेला झॉम्बीपट दिसतो. तो चक्क वाईट आहे. नट मध्येच विचित्र थांबतात, निरर्थक गप्पा मारतात, कॅमेरा जमिनीवर पडून राहतो. अनेक प्रेक्षकांना इथेच उठून जावंसं वाटतं.

मग गोष्ट एक महिना मागे जाते. कळतं, की हा टीव्हीवर थेट प्रक्षेपित झालेला, एका दमात चित्रित केलेला कार्यक्रम होता. दिग्दर्शकाची ख्याती 'लवकर, स्वस्त आणि बेताचं' काम करणारा अशी. दोन नट ऐन दिवशी पोचलेच नाहीत, म्हणून तो स्वतः आणि त्याची बायको कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. एक नट दारू पिऊन पडला. आवाजवाल्याचं पोट बिघडलं. कॅमेरामनची कंबर धरली. पहिल्या भागातला प्रत्येक विचित्र क्षण म्हणजे पडद्यामागे कुणीतरी वाचवलेला अपघात होता. आधी ज्या चुकांना नावं ठेवली त्याच चुकांवर प्रेक्षक आता पोट धरून हसतो. आणि हसता हसता त्या युनिटच्या बाजूचा होतो.

शेवटचा शॉट उंचावरून हवा असतो, पण क्रेन मोडलेली असते. निर्माता म्हणतो, शॉट सोडून द्या. तेव्हा दिग्दर्शकाची मुलगी उपाय काढते. नट, लेखक, तंत्रज्ञ असे सगळे एकमेकांच्या पाठीवर चढून थर रचतात आणि वर कॅमेरा धरला जातो. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला यात दहीहंडी आठवल्याशिवाय राहणार नाही.

२०१८च्या जूनमध्ये हा सिनेमा टोकियोतल्या फक्त दोन चित्रपटगृहांत लागला. तोंडी प्रसिद्धीनं तो देशभर पसरला आणि जपानमध्ये त्यानं ३०० कोटी येनहून जास्त गल्ला जमवला. २०२२मध्ये त्याच्या फ्रेंच आवृत्तीनं कान महोत्सवाचं उद्घाटन झालं. ती काढायला मूळ सिनेमाच्या कितीतरी पट खर्च आला. गरिबीची नक्कल करायलाही पैसे लागतात, असंच म्हणायचं.

महाराष्ट्रात अशी धडपड कुणी केली?

भयपट नव्हे, पण हीच जिद्द मालेगावात दिसली. यंत्रमागाच्या या शहरात नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी 'मालेगाव के शोले'पासून विडंबनपट काढायला सुरुवात केली. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटात ही मंडळी दिसतात. ट्रॉली म्हणून सायकल, क्रेन म्हणून बैलगाडी. सुपरमॅन झालेले शफीक शेख हे यंत्रमागावरचे किडकिडीत कामगार. माहितीपट पाहताना सतत हसू येतं. पण शफीक यांचा पुढे कर्करोगानं मृत्यू झाला, हे कळल्यावर तोच माहितीपट वेगळा वाटू लागतो. दिवसभर माग चालवणाऱ्या माणसाला काही दिवस तरी उडायचं होतं. रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' याच मंडळींवर बेतलेला आहे.

रामसे, मालेगाव आणि टोकियो, तिन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. पैसे नसतात, तेव्हा त्यांची जागा माणसं भरून काढतात. विनोद त्या ओढाताणीतून येतो आणि प्रेक्षकाचा जीवही तिथेच गुंततो.

भोर-वेल्ह्यात भयपट काढायचा तर काय लागेल?

*जागा :* भोरचा पंतसचिवांचा राजवाडा चित्रीकरणासाठी आधीपासून परिचित आहे. भाटघर धरणाच्या फुगवट्यातलं कांबरे गावचं कांबरेश्वराचं देऊळ वर्षातला बराच काळ पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बाहेर येतं. कलादिग्दर्शकाला असा सेट फुकट मिळणं कठीणच. पण तारीख निर्मात्यानं नव्हे, धरणानं ठरवायची. पाऊस लवकर आला तर 'उरलेला सीन पुढच्या मे महिन्यात'.

*धुकं :* पावसाळ्यात वेल्ह्यात ते फुकट मिळतं. अडचण एवढीच, की ते कुणाचं ऐकत नाही. नायिकेनं दाराबाहेर पाऊल टाकलं तेव्हा दाट धुकं आणि दुसऱ्या अँगलनं तोच शॉट घेताना ऊन, असं झालं की भूत परवडलं पण संकलक नको, अशी वेळ येते.

*रक्त :* साखरेचा पाक, लाल खाद्यरंग आणि रंग गडद व्हायला थोडी कोको पावडर. स्वस्त आणि तोंडात गेलं तरी चालणारं. मात्र मृतदेह झालेल्या नटाला स्थिर पडून राहायचं असतं आणि मुंग्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

*आवाज :* रानात जनरेटर लावला की संवाद ऐकू येत नाहीत, बंद केला की लाइट जातात. लांब केबल टाकून तो दूर ठेवणं हाच जुना उपाय. पावसाळी रात्री बेडूक आणि रातकिडे मिळून पार्श्वसंगीत देतातच, फक्त दिग्दर्शकानं 'कट' म्हटल्यावर थांबत नाहीत.

*परवानग्या :* सरकारी जागांसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. खासगी वाड्याला मालकाची संमती लागते. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनची नोंदणी आवश्यक आहे आणि पुण्याभोवती संरक्षण आस्थापना असल्यानं उडवण्याआधी हवाई क्षेत्राचा नकाशा पाहावाच लागतो. आणि काळं मांजर आडवं जाताना दाखवायचं असेल तर प्राणी कल्याण मंडळाचीही परवानगी हवी. भुताला ना-हरकत प्रमाणपत्र लागत नाही, मांजराला लागतं.

*किल्ले :* राजगड हे राज्य संरक्षित स्मारक आहे आणि जुलै २०२५मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. वेल्हे तालुक्याला 'राजगड' हे नाव देण्याचा निर्णयही याच गडावरून झाला. अशा ठिकाणी पलिते, धूर आणि नकली रक्त घेऊन परवानगीशिवाय जाणं ही जिद्द नव्हे, गुन्हा ठरू शकतो. पिशाचाची दंतकथा गडावरची असली तरी ती माळावरच्या एखाद्या पडक्या घरात चित्रित करता येते. अंधारात कुणाला कळतंय?

काटकसर कुठे थांबायला हवी?

हा या विषयातला न हसण्याचा भाग. क्रेनऐवजी बैलगाडी चालते, पण सुरक्षेऐवजी 'बघू काय होतंय ते' चालत नाही. अमेरिकेत २०२१मध्ये 'रस्ट' या कमी खर्चाच्या सिनेमाच्या सेटवर सुरक्षित समजल्या गेलेल्या बंदुकीतून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रकार हलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला.

भोर-वेल्ह्यात धोका बंदुकीचा नाही, पाण्याचा आणि कड्यांचा आहे. भाटघर आणि पानशेतच्या फुगवट्यात पाण्याचा अंदाज न आल्यानं बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या दर काही काळानं येतात. पांढरी साडी पाण्यात भिजली की जड होते आणि पायात अडकते. 'बाई पाण्यातून हळूहळू वर येते' हा शॉट कागदावर एक ओळ असतो. पाण्यात मात्र पोहणारा माणूस, दोर आणि जीवरक्षक जाकीट हवं. हे परवडत नसेल तर तो शॉट काठावरच्या ओल्या पावलांवर भागवावा. बहुतेक वेळा तो जास्त भीतिदायक निघतो.

दुसरी काटकसर श्रेयाची. 'वन कट ऑफ द डेड' गाजल्यावर त्याची कल्पना आपल्या नाटकातली असल्याचं सांगत एक नाट्यदिग्दर्शक पुढे आले. वाद झाला आणि २०१९मध्ये संयुक्त श्रेय देऊन तो मिटला. मित्रामित्रांत सिनेमा काढताना पैसे नंतर बघू म्हणता येतं. पण गोष्ट कुणाची, कॅमेरा कुणी केला, डबे कुणी पोचवले, हे पहिल्या दिवशीच कागदावर असलेलं बरं. श्रेयनामावलीत नाव टाकायला एक रुपयाही लागत नाही.

काढला, पण पाहणार कोण?

कठीण प्रश्न हाच. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' २०१७मध्ये चित्रपटगृहांत आला. उसाच्या फडात हरवलेल्या गरोदर बाईची ही गोष्ट भीतीआडून स्त्रीभ्रूणहत्येबद्दल बोलते. पुढे फुरिया यांनीच २०२१मध्ये हिंदीत 'छोरी' म्हणून ती पुन्हा सांगितली. ओटीटीवर आलेल्या 'छोरी'मुळे अनेकांना मूळ मराठी सिनेमा नंतर कळला. आदित्य सरपोतदार यांनी 'झोंबिवली'तून (२०२२) मराठीत झॉम्बी आणले आणि २०२४मध्ये त्यांच्याच हिंदी 'मुंज्या'नं १०० कोटींचा टप्पा ओलांडला. म्हणजे पिंपळावरचं आपलं भूत विकलं जातं, यात शंका उरलेली नाही. प्रश्न एवढाच, की ते कुठल्या भाषेत आणि किती पडद्यांवर पोचतं.

टोकियोतही सुरुवात दोनच पडद्यांवर झाली होती. फरक पडला तो बाहेर पडलेल्या प्रेक्षकामुळे. 'पहिली ३७ मिनिटं उठू नकोस, पुढचं सांगत नाही,' एवढंच तो दुसऱ्याला सांगत राहिला. तोरण्याच्या ब्रह्मपिशाचाची गोष्टही आजवर अशीच पसरली आहे, एकानं दुसऱ्याला सांगून आणि शेवट राखून ठेवून.